टूरिंग ट्राइक घरच्या घरी आपल्या हाताला बसवताना: आधी स्टीअरिंग, मग बाकीचं

मोठ्या टूरिंग मोटरसायकलला मागे दोन चाकं बसली, म्हणजे तिची ट्राइक झाली, की गाडी दिसायला बरीचशी तीच राहते, चालवायला मात्र पूर्ण वेगळी होते. दुचाकी वळवताना हँडलला हलका दाब दिला की ती कलते, आणि कलली की वळते. ट्राइक कलतच नाही. तिचं हँडल खरोखर फिरवावं लागतं, पुढच्या चाकाला जमिनीशी झगडत वळवावं लागतं, आणि सगळं वजन वळणाच्या बाहेरच्या बाजूला ढकललं जातं. ट्राइकवर काय बदलायचं, कशाच्या आधी बदलायचं, हे सगळं या एका फरकावरून ठरतं.

बरेच जण सुरुवात दिव्यांपासून आणि क्रोमपासून करतात. आमचा आग्रह उलटा आहे. आधी स्टीअरिंग आणि सस्पेन्शन, मग बसण्याची ठेवण, मग वायरिंग, आणि रंगरूप सगळ्यात शेवटी. पुढचा फोर्क (पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्या) बदलला की हँडलवरून जाणाऱ्या सगळ्या केबल आणि वायरी नव्याने ओढाव्या लागतात. मागची उंची बदलली की हेडलाइटचा झोत बदलतो. आधी नीट बांधलेलं वायरिंग नंतर सोडवायचं म्हणजे दुप्पट काम, आणि सोडवताना कुठलीतरी वायर दुखावणार हे नक्की.

हा लेख पुढे एक आणि मागे दोन चाकं असलेल्या ट्राइकसाठी आहे: होंडा गोल्ड विंगला किट लावून बनवलेली असो, वा हार्लेच्या ट्राय ग्लाइडसारखी कारखान्यातून तशीच आलेली. कॅन-अ‍ॅम स्पायडरसारख्या पुढे दोन चाकं असलेल्या गाडीला यातला वायरिंगचा आणि बॉडीचा भाग लागू पडेल, स्टीअरिंगचा नाही.

गाडी उचलताना

ट्राइकचं वजन सहज पाचशे किलोच्या पुढे जातं. साइड स्टँड नसतो, त्यामुळे ती आपोआप स्थिर उभी राहते असा भास होतो. इथेच लोक फसतात. गाडी गिअरमध्ये टाकून एक मागचं चाक जॅकवर उचललं, तर जमिनीवरचं दुसरं चाक मोकळं फिरू शकतं. मध्ये डिफरन्शिअल (दोन्ही मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी) आहे. एक चाक हवेत गेलं की ते दुसऱ्याला उलट दिशेने फिरायला मोकळीक देतं, आणि गिअरची पकड शून्य होते. पार्किंग ब्रेक मागच्या चाकांवरच असतो. दोन्ही चाकं उचलली की त्याचाही उपयोग संपतो.

म्हणून मागची बाजू उचलताना पुढच्या चाकाला दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे, पुढची उचलताना दोन्ही मागच्या चाकांना ठोकळे. जॅक फक्त उचलण्यासाठी. उचलल्यावर गाडी स्टँडवर ठेवायची आणि मगच खाली हात घालायचा. स्टँड फ्रेमखाली किंवा अ‍ॅक्सलच्या जाड भागाखाली लावा. फायबरच्या बॉडीखाली किंवा स्वे बारखाली (वळणावरचा झुकाव कमी करणारा मागचा आडवा दांडा) कधीच नको. कामाला लागण्याआधी गाडीला कमरेने जोरात धक्का द्या. हलायची असेल तर ती तेव्हाच हलू दे.

पाना हातात घेण्याआधी मोजा

एक वही ठेवा. त्यात पाच नोंदी आधी करा: तीनही टायरचा थंड असतानाचा हवेचा दाब, मागच्या दोन्ही मडगार्डच्या कडेची जमिनीपासूनची उंची (चालक बसलेला आणि न बसलेला), स्विंगआर्मच्या (मागचा अ‍ॅक्सल धरणारा, वर-खाली हलणारा भाग) पिव्होटपासून, म्हणजे तो ज्या सांध्यावर फिरतो तिथपासून, अ‍ॅक्सलपर्यंतचं डावं आणि उजवं अंतर, सध्याचा ट्रेल (तो काय आणि कसा मोजायचा ते पुढे आहे), आणि हँडल फिरवायला लागणारा जोर.

शेवटच्या मोजणीसाठी ताणकाटा लागतो, सामान तोलायचा आकडा असलेला साधा काटाही चालतो. गाडी गुळगुळीत फरशीवर, पुढचं चाक सरळ. हँडलच्या टोकाला दोरीचा फास, फासात काटा, आणि काटा हँडलशी काटकोनात ठेवून सावकाश ओढा. चाक वळायला लागतं त्या क्षणीचा आकडा लिहा. डावीकडे तीनदा, उजवीकडे तीनदा. दोन्ही बाजूंच्या आकड्यांत ठळक फरक असेल, तर कुठेतरी केबल ताणली जाते आहे किंवा स्टीअरिंगच्या बेअरिंगमध्ये खाच पडली आहे. हा दोष आधी काढा. नाहीतर नवीन किट बसवून तो जागच्या जागीच राहील.

पिव्होटपासून अ‍ॅक्सलपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना एक-दोन मिलिमीटरच्या आत सारखं हवं. त्याहून जास्त फरक म्हणजे अ‍ॅक्सल तिरका बसला आहे, आणि अशी ट्राइक सपाट रस्त्यावरही एका बाजूला ओढत राहते.

रेक आणि ट्रेल

स्टीअरिंगच्या दांड्याची रेघ सरळ खाली जमिनीपर्यंत वाढवली, तर ती पुढच्या टायरच्या स्पर्शबिंदूच्या थोडी पुढे टेकते. या दोन बिंदूंमधलं अंतर म्हणजे ट्रेल. आणि दांडा उभ्या रेषेपासून जितका कललेला असतो तो कोन म्हणजे रेक. गोल्ड विंगसारख्या टूरिंग दुचाकीत ते १०० मिलिमीटरच्या आसपास असतं, आणि दुचाकीला ते हवंच असतं, कारण त्यामुळेच गाडी सरळ रेषेत शांत धावते. ट्राइकला मागची दोन चाकंच सरळ ठेवतात. तिथे एवढा ट्रेल म्हणजे निव्वळ हातांवरचा भार. घाटात दिवसभर चालवल्यावर खांदे भरून येतात ते यामुळे.

ट्रेल घरी मोजायला एक सरळ पट्टी आणि ओळंबा पुरतो. स्टीअरिंग हेडच्या मध्यरेषेला समांतर अशी पट्टी बाजूने धरून ती जमिनीला जिथे टेकते तिथे खडूची खूण करा. पुढच्या अ‍ॅक्सलच्या मध्यातून ओळंबा सोडा आणि दुसरी खूण करा. दोन खुणांमधलं अंतर हा तुमचा ट्रेल. एक चूक नेहमी होते: पट्टी फोर्कच्या नळीला समांतर धरली जाते. फोर्क आणि स्टीअरिंगचा दांडा यांचे कोन रेक किट लावलेल्या गाडीत वेगळे असतात. मोजायचा तो दांड्याचा.

ट्रेल कमी करायचा उपाय म्हणजे रेक दिलेल्या ट्रिपल ट्री (फोर्कच्या नळ्या दांड्याला जोडणारे वरचे-खालचे ब्रॅकेट). या फोर्कला दांड्यापेक्षा काही अंशांनी जास्त पुढे झुकवतात, चाक पुढे सरकतं आणि ट्रेल घटतो. खालच्या ट्रीपासून अ‍ॅक्सलपर्यंत फोर्कची लांबी ६०० मिलिमीटर धरली, तर एका अंशाला चाक सुमारे साडेदहा मिलिमीटर पुढे जातं आणि ट्रेल साधारण १२ मिलिमीटरने कमी होतो. म्हणजे साडेचार अंशांच्या किटने १०५ चा ट्रेल ५० च्या जवळ येतो. फरक मोठा आहे. हँडल फिरवताना लगेच कळतो.

मग सहा-सात अंश का नाही? कारण चाकाला आपणहून सरळ येण्याची जी ओढ असते ती ट्रेलमधूनच येते. तो फार कमी केला की हलक्या वेगात, साधारण ताशी २५ ते ४० किलोमीटरच्या पट्ट्यात, हँडल डावी-उजवीकडे थरथरू लागतं. लांब पल्ल्याच्या प्रवासात हलकं हँडल सुखाचं, पण मध्येच हात सैल सोडला की थरथरणारं हँडल धोक्याचं. चार ते पाच अंशांवर थांबा. आणि हे किट दुचाकीवर चुकूनही लावू नका. ट्राइक पुन्हा दुचाकी करून विकायची असेल, तर मूळ ट्री जपून ठेवा आणि आधी त्या परत बसवा.

बसवताना क्रम असा. फ्रेमच्या पुढच्या भागाला आधार देऊन पुढचं चाक हवेत आणा. हँडलपासून खाली जाणाऱ्या प्रत्येक केबलचा आणि वायरीचा दोन्ही बाजूंनी फोटो घ्या. फोर्कची नळी वरच्या ट्रीच्या किती वर आली आहे हे मोजून लिहा. ब्रेकचे कॅलिपर सोडले की तारेने फ्रेमला टांगा, ब्रेकच्या होजवर लोंबकळू देऊ नका. आतून होज दुखावतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. चाक, मडगार्ड, मग फोर्कच्या नळ्या, मग ट्री.

दांड्याची बेअरिंग या निमित्ताने नवीच टाका, वाट्यांसकट. जुनी वाटी आणि नवं बेअरिंग ही जोडी चालत नाही. ग्रीस बेअरिंगच्या रोलरमध्ये तळहाताने दाबून भरायचं, वरून फासून उपयोग नाही. अ‍ॅडजस्टर नट आधी घट्ट करून बेअरिंग बसवा, हँडल दोन्ही टोकांपर्यंत चार-पाच वेळा फिरवा, नट मोकळा करा, आणि मग गाडीच्या मॅन्युअलमधल्या टॉर्कला पुन्हा घट्ट करा. सैल राहिलं तर ब्रेक लावताना पुढून टक् असा आवाज येतो. जास्त आवळलं तर हँडल मध्यावर चिकटल्यासारखं होतं आणि गाडी सरळ रेषेत नागमोडी जाते.

दोन्ही फोर्क एकाच उंचीवर आणा, खालच्या ट्रीचे बोल्ट आवळा, चाक लावा. अ‍ॅक्सल आवळा, पण अ‍ॅक्सलचे पिंच बोल्ट अजून सैल ठेवा. गाडी जमिनीवर घ्या, पुढचा ब्रेक धरून फोर्क सात-आठ वेळा दाबा, म्हणजे दोन्ही नळ्या आपापल्या जागी बसतील. मगच पिंच बोल्ट आवळा. ही पायरी गाळली की फोर्क आतल्या आत अडकतो आणि सस्पेन्शन कडक लागतं. दोष मात्र स्प्रिंगला दिला जातो.

शेवटी हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. फोर्क आणि फेअरिंग, मडगार्ड आणि रेडिएटर यांच्यात फोर्क पूर्ण दबलेला असतानाही जागा उरली पाहिजे. एबीएस (चाक जाम होऊ न देणारे ब्रेक) असेल तर सेन्सरची वायर कुठेही ताणली जाता कामा नये.

स्टीअरिंग डॅम्पर (हँडलची थरथर शोषणारा छोटा शॉक) वेगळा घ्यावा का? रेक किट लावलं असेल तर घ्याच. ट्राय ग्लाइडवर तो कारखान्यातूनच येतो, त्यामागे कारण आहे. बसवताना एकच गोष्ट पाहा: हँडल दोन्ही टोकांना नेल्यावर डॅम्परच्या दांड्यात दोन्हीकडे किमान ५ मिलिमीटर चाल शिल्लक हवी. हँडल अडवायचं काम फ्रेमवरच्या स्टॉपरचं. ते डॅम्परवर आलं तर तो एक तर फुटेल, नाहीतर नको त्या क्षणी हँडल अडवेल.

स्वे बार, हवेचे शॉक आणि एक गैरसमज

वळणावर ट्राइकची बॉडी बाहेर झुकते, चालकाला आपण बाहेर फेकले जातोय असं वाटतं. जाड स्वे बार हा झुकाव खूप कमी करतो. पैसे टाकण्यासारखी गोष्ट आहे, पण तिच्यामुळे गाडी उलटायची कमी होते असं मात्र नाही. पुढे एकच चाक असल्यामुळे झुकाव सगळा मागच्या चाकांनीच पेलायचा असतो. बार जाड केला तरी आतल्या चाकावरचं वजन बाहेरच्या चाकावर तेवढंच जातं. झुकाव कमी झाला की हायसं वाटतं आणि वेग वाढतो. आतलं चाक कधी उचललं जाईल हे तीन गोष्टींवर ठरतं: मागच्या चाकांमधलं अंतर, गुरुत्वमध्याची उंची, आणि तो मागच्या अ‍ॅक्सलच्या किती जवळ आहे.

आकडे घालून पाहा. मागची चाकं १.२ मीटर अंतरावर, व्हीलबेस १.७ मीटर, गुरुत्वमध्य पुढच्या चाकापासून १.१ मीटर मागे आणि जमिनीपासून ०.६ मीटर उंच. तीन चाकांच्या त्रिकोणात त्या जागी एका बाजूची रुंदी ०.६ गुणिले १.१ भागिले १.७, म्हणजे ०.३९ मीटर. भागिले उंची ०.६, उत्तर ०.६५. गुरुत्वाकर्षणाच्या एवढ्या पटीत बाजूचा जोर आला की आतलं चाक सुटतं. प्रत्येक बाजूला २५ मिलिमीटरचा स्पेसर (हब आणि चाक यांच्यामध्ये बसणारी धातूची चकती) लावला तर हा आकडा ०.६७ होतो, जेमतेम चार टक्के फायदा. आणि वरच्या रॅकवर सामान चढवून गुरुत्वमध्य ५ सेंटिमीटर वर नेला तर तो ०.६० वर येतो, आठ टक्के तोटा. टॉप रॅकचं सामान खाली ट्रंकमध्ये नेणं हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात परिणामकारक बदल आहे.

आणखी एक: वळणात ब्रेक मारला की वजन पुढे जातं, जिथे त्रिकोण अरुंद आहे. वेग वळणाच्या आधी उतरवायचा, ही शिस्त कोणत्याही पार्टपेक्षा मोठी.

स्वे बारच्या लिंकचे रबरी बुश शेवटचे आवळताना गाडी चाकांवर उभी हवी आणि शक्यतो कोणीतरी सीटवर बसलेलं हवं. चाकं लोंबकळत असताना आवळले तर गाडी खाली घेतल्यावर बुश कायमचे पिळलेले राहतात आणि काही महिन्यांत फाटतात.

हवेच्या शॉकमध्ये हवा हातपंपानेच भरा. आतली जागा इतकी कमी असते की कॉम्प्रेसरचा एक फुत्कार दाब नको तिथे नेतो आणि सील जातं. मोजणी साधी: गाडी रिकामी असताना मडगार्डची उंची, मग नेहमीचं माणूस-सामान चढवून उंची. सस्पेन्शनच्या एकूण चालीच्या साधारण एक तृतीयांश इतकी घट चांगली. त्याहून जास्त खाली बसत असेल तर दाब थोडा-थोडा वाढवा, आणि प्रत्येक वेळी गाडी दोन-तीनदा दाबून मगच मोजा.

टायर आणि स्पेसर

मागे कारचे टायर असतात म्हणून कारइतकी, ३२ पीएसआय हवा भरली जाते. पण कारमध्ये त्याच टायरवर जेवढं वजन येतं त्याच्या निम्म्याच्या आसपास इथे येतं. टायर मध्येच फुगून राहतो, कडा जमिनीला नीट टेकत नाहीत, मधला पट्टा झिजतो आणि प्रत्येक खड्डा पाठीत बसतो. किटच्या किंवा गाडीच्या पुस्तकातला दाब पाळा, बहुतेकदा तो विशीच्या घरात असतो. पुस्तक नसेल तर खडूची कसोटी: टायरच्या रुंदीभर खडूचा जाड पट्टा ओढा, सपाट डांबरावर सरळ शंभर मीटर जा आणि उतरून बघा. मध्येच पुसला असेल तर हवा जास्त, कडांना पुसला असेल तर कमी, सगळीकडे सारखा पुसला की बरोबर. नेहमीचा भार चढवून आणि टायर थंड असताना करा. पुढचा टायर मात्र मोटरसायकलचाच आणि त्याचा दाबही मोटरसायकलचाच.

मागच्या टायरचा साइज बदलला की वेगाचा आकडा बदलतो. २०५/६५ आर १५ टायरचा व्यास ३८१ अधिक दोन वेळा १३३.२५, म्हणजे ६४७.५ मिलिमीटर. त्याऐवजी २०५/६० घेतला तर ६२७. चाक सव्वातीन टक्के लहान झालं, आणि मागच्या बाजूने वेग मोजणाऱ्या गाडीत मीटर तेवढाच जास्त दाखवणार. पुढच्या चाकावरून मोजणाऱ्या गाडीत फरक पडत नाही.

स्पेसर लावायचा तर हबवर बरोबर बसणारा घ्या, नुसत्या नटांवर लटकणारा नको. नट किमान स्टडच्या व्यासाइतके आटे पकडायला हवेत, १२ मिलिमीटरच्या स्टडला १२ मिलिमीटर पूर्ण पकड. तेवढे आटे उरत नसतील तर लांब स्टड बसवा किंवा स्पेसर विसरा. हबच्या तोंडावरचा गंज तारेच्या ब्रशने साफ केल्याशिवाय बसवू नका. गंजाचा पापुद्रा नंतर दबतो आणि आवळलेला नट आपोआप सैल होतो. नट चांदणीच्या क्रमाने, समोरासमोर, तीन टप्प्यांत. आणि मडगार्डच्या आत सस्पेन्शन पूर्ण दबल्यावर टायर घासत नाही ना, हे जॅकने चाक वर ढकलून पाहा.

हँडल, सीट, पाय

दुचाकीवर हात किती लांब जातात हे सरळ बसून ठरवलं तरी चालतं. ट्राइकवर ते हँडल पूर्ण वळवून ठरवायचं असतं. उजवीकडे पूर्ण वळवल्यावर डावा हात पुढे जातो, आणि तो कोपरात सरळ झाला तर तुम्ही हँडलला ओढत नसता, त्याला लटकत असता. दोन्ही टोकांना कोपर वाकलेलं राहील इतकं हँडल मागे आणा. बहुतेकांना २५ ते ५० मिलिमीटर मागे आणणारे रायझर (हँडलखाली बसणारे ठोकळे) पुरतात. थोडं रुंद हँडल घेतलं तर तरफ वाढते आणि जोर कमी लागतो.

रायझर लावल्यावर तीन गोष्टी तपासा. ब्रेकचा होज टोकाला ताणला जातो का. क्लचची केबल वा होज तसाच. आणि इंजिन चालू ठेवून हँडल दोन्ही टोकांना न्या: आरपीएम वाढले तर थ्रॉटलची केबल ओढली जातेय. हे रस्त्यावर वळताना झालं तर गाडी आपणहून पळेल. होज बदलायचा तर प्रत्येक जोडाला नवे कॉपर वॉशर, आणि ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर लिहिलेलंच ऑइल. डॉट ५ हे सिलिकॉनचं असतं, डॉट ४ मध्ये ते मिसळत नाही. जुन्या हार्लेंमध्ये डॉट ५ सापडतं, म्हणून झाकण वाचल्याशिवाय बाटली उघडू नका.

सीटच्या बाबतीत एकच सांगणं: वळणात शरीर बाजूला ढकललं जातं, त्यामुळे दोन्ही कडांना थोडा उठाव असलेली सीट आणि पाठीला टेकू हे दोन्ही कामाचे. मागच्या माणसाला हात टेकवायच्या दांड्या हव्यातच, त्याच्याकडे धरायला हँडल नसतं.

वायरिंग

आधी गाडीची ऐपत तपासा. इंजिन बंद, गाडी तासभर उभी असताना बॅटरीवर १२.६ ते १२.८ व्होल्ट हवेत. इंजिन चालू, दोन हजार आरपीएमच्या वर, १३.८ ते १४.५. आता असलेली सगळी यंत्रं चालू करा, हेडलाइट, गरम ग्रिप, साउंड, आणि आयडलवर पाहा. व्होल्ट १३ च्या खाली गेले, तर उभ्या गाडीत बॅटरी खाली होते आहे आणि नव्या दिव्यांना जागा नाही. ज्यांच्या रिव्हर्सला इलेक्ट्रिक मोटर आहे त्यांनी हे विशेष बघावं, कारण रिव्हर्स बॅटरीतून मोठा करंट खेचतो आणि कमकुवत बॅटरीवर नेमका चढावर दगा देतो.

नवा दिवा हेडलाइटच्या वायरीला कधीच जोडू नका. चार पिनांचा रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) वापरा. उदाहरण घ्या: १८ वॅटचे दोन एलईडी, मिळून ३६ वॅट, १२ ने भागले की ३ अँपिअर. फ्यूज ५ अँपिअरचा. वायर १.५ चौरस मिलिमीटरची. दोन मीटर जाणं आणि दोन मीटर येणं धरलं तरी तिच्यात जेमतेम ०.१४ व्होल्ट पडतात. बॅटरीच्या प्लसपासून वायर, तिच्यावर १५ सेंटिमीटरच्या आत फ्यूज, तिथून रिलेची पिन ३०. पिन ८७ मधून दिव्यांकडे. पिन ८६ ला इग्निशननंतर चालू होणारी वायर, हँडलवरच्या स्विचमधून. पिन ८५ अर्थला, म्हणजे मायनसला. दिव्यांचा अर्थ थेट बॅटरीच्या मायनसला न्या. फायबरच्या बॉडीवर अर्थ मिळत नाही, आणि रंगवलेल्या ब्रॅकेटवर आज मिळाला तरी पावसाळ्यात जातो.

फ्यूज बॅटरीजवळच का? तो वायरीला वाचवतो. दिव्याजवळ लावला, तर मधली दीड मीटर वायर कुठे घासून फ्रेमला टेकली की ती पेटते आणि फ्यूज शाबूत राहतो.

जोड क्रिम्प करा आणि वर गोंद असलेली हीट श्रिंक नळी चढवा. वायर न सोलता चिमटीत धरून जोडणारे प्लास्टिकचे निळे-लाल कनेक्टर मोटरसायकलवर टिकत नाहीत. आतलं पातं तांब्याचे काही तंतू कापतं, थरथरीने बाकीचे तुटतात, आणि दोष अधूनमधून येतो, म्हणून सापडत नाही. स्टीअरिंग हेडपाशी वायरीचा सैल वळसा ठेवा, हँडल दोन्ही टोकांना नेऊन बघा, आणि तिथे केबल टाय घट्ट आवळू नका.

मडगार्डवर जास्तीचे ब्रेक लाइट किंवा इंडिकेटर लावताना नव्या गाड्यांत काळजी घ्या. दिव्यांचा करंट तिथे कॉम्प्युटर मोजतो. थेट जोड दिला तर बल्ब गेल्याची खूण दाखवेल, इंडिकेटर भरभर लुकलुकेल, किंवा ते सर्किट बंदच करेल. मूळ दिव्याच्या वायरीवरून फक्त इशारा घेऊन बॅटरीवरून करंट देणारं ट्रेलर आयसोलेटर मॉड्यूल वापरा. ट्रेलर ओढायचा असेल तर तेच त्यालाही चालतं.

सामान, हुक आणि ट्रंक

मागच्या अ‍ॅक्सलच्या मागे ठेवलेला प्रत्येक किलो पुढचं चाक उचलायला बघतो. ३० किलो सामान अ‍ॅक्सलच्या ४० सेंटिमीटर मागे, व्हीलबेस १७० सेंटिमीटर: ३० गुणिले ४० भागिले १७०, म्हणजे पुढच्या चाकावरून ७ किलो गेले. ट्रेलरच्या हुकवर तेवढंच वजन ८० सेंटिमीटर मागे आलं तर १४ किलो. हँडल हलकं झाल्यासारखं वाटतं, पण गेलेली असते ती पुढची पकड. हत्यारं, पाणी, जड वस्तू अ‍ॅक्सलच्या पुढे आणि तळाशी. कपडे आणि झोपायच्या पिशव्या मागे आणि वर.

फायबर आणि रंग

फायबरला भोक पाडताना जागेवर मास्किंग टेप लावा. ड्रिल आधी उलट दिशेने फिरवून वरचा जेलकोट खरवडून घ्या, मग सरळ दिशेने आरपार जा. थेट सरळ फिरवलं की जेलकोटचे टवके उडतात आणि भोकापासून चांदणीसारख्या चिरा सुटतात. भोक बोल्टपेक्षा अर्धा ते एक मिलिमीटर मोठं, कडा हलकी तासलेली, आतून मोठा वॉशर, मध्ये रबर. बोल्ट फायबर दबेपर्यंत आवळायचा नसतो. नायलॉनचा लॉकनट लावला की कमी आवळूनही तो सुटत नाही.

रंगाआधी जुना पृष्ठभाग ३२० च्या पॉलिश पेपरने, प्रायमर, मग ओल्या ६०० ने. एबीएस प्लास्टिक असेल तर प्रायमरच्या आधी प्लास्टिकसाठीचा अ‍ॅडहिजन प्रमोटर (रंग धरून ठेवणारा थर), नाहीतर रंग पापुद्र्यासारखा सुटतो. फायबर घासताना पूर्ण बाह्या, हातमोजे आणि धुळीचा चांगला मास्क. आणि हार्डनर मिसळायचा टूके (दोन भागांचा) क्लिअर घरच्या गॅरेजमध्ये फवारू नका. त्यातलं आयसोसायनेट फुप्फुसात एकदा घर करून बसलं की पुढे थोड्याशा वासानेही दम लागतो, आणि साधा मास्क ते अडवत नाही. घासण्यापर्यंतचं काम घरी, शेवटचा थर ताज्या हवेचा मास्क असलेल्या बूथमध्ये.

पहिली फेरी

सगळे बदल एकदम करून रस्त्यावर निघू नका. एक बदल, एक फेरी, वहीत एक नोंद. पहिली फेरी मोकळ्या जागेत चालण्याच्या वेगाने: दोन्ही बाजूंना आठाचा आकडा, मग ब्रेक, मग पार्किंग ब्रेक उतारावर. पुढची ताशी २० ते ५० मध्ये सावकाश वेग वाढवत आणि उतरवत, हँडलवर बोटं हलकी ठेवून, पण हात न सोडता. थरथर कुठल्या आकड्यावर सुरू होते आणि कुठे थांबते ते लिहा. फक्त वेग उतरवतानाच थरथर होत असेल तर आधी पुढच्या टायरची झीज आणि स्टीअरिंग बेअरिंग पाहा, नंतर डॅम्पर.

गाडी एका बाजूला ओढत असेल तर आधी दोन्ही मागच्या टायरचा दाब सारखा आहे का बघा. मग रस्त्याच्या उताराच्या उलट बाजूने, मोकळ्या आणि सुरक्षित जागी चालवून पाहा. ओढ बाजू बदलत असेल तर ती रस्त्याची. बाजू न बदलता राहिली तर वहीतलं पिव्होट-अ‍ॅक्सल अंतर पुन्हा मोजा, आणि फेरीनंतर तिन्ही चाकांच्या ब्रेक डिस्कजवळ हात न लावता उष्णता ताडून पाहा. एकच डिस्क जास्त तापली असेल तर तिथला कॅलिपर अडकतोय.

शंभर किलोमीटरनंतर चाकांचे नट, स्पेसर, ट्रीचे बोल्ट, स्वे बारच्या लिंक आणि डॅम्परचे बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा तपासा, पाचशेनंतर आणखी एकदा. आवळून झाल्यावर प्रत्येक नटावरून खालच्या धातूवर जाणारी रंगाची एक बारीक रेघ ओढून ठेवा. पुढे प्रवासात पेट्रोल भरायला थांबलं की वाकून नुसतं बघायचं. रेघ मोडलेली दिसली, तर तो नट फिरला आहे.